दुधाची डिग्री कमी लागली? दूधवाल्याला बोलण्याआधी या चुका टाळा

गेल्या चतुर्थीच्या तोंडावर आमच्या वाडीत भांडण झालं. एकाने नवाकोरा लॅक्टोमीटर (दुधाचा दाटपणा डिग्रीत दाखवणारी काचेची नळी) आणला, रतीबाच्या धारोष्ण दुधात सोडला, डिग्री २७ लागली आणि 'पाणी घालतोस!' म्हणून दूधवाल्याला अंगणातच फैलावर घेतलं. तेच दूध गार करून बघितलं तर २९. म्हातारा दूधवाला एक शब्द न बोलता किटली उचलून गेला.

लॅक्टोमीटर ठरावीक तापमानाच्या दुधासाठी बनवलेला असतो. आपल्याकडचे बरेचसे २७ अंशांचे, पण नळीवर छापलेलं वाचून घ्या. दूध त्याहून गरम असेल तर ते पातळ पडतं, नळी जास्त बुडते आणि दर अंशामागे साधारण ०.२ डिग्री कमी दिसते. फेसाळ दुधातही तीच गत. फेस बसू द्या, दूध निवू द्या, भांड्यात पाण्याचे थेंब राहिलेले नाहीत ना बघा. कॅनमधून घेताना आधी तळापासून ढवळा, नाहीतर वरची साय तेवढी तुमच्या वाट्याला.

उलट, डिग्री २८-२९ म्हणजे दूध चोख, असंही नाही. साय काढली की डिग्री वाढते, मग पाणी घातलं की पुन्हा जागेवर येते! साखर-मिठानेही चढते. म्हणून फॅट बघितल्याशिवाय निकाल देऊ नये. गाईच्या दुधाला किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागतं.

दुधात पीठ मिसळलंय का बघायला टिंक्चर आयोडीन घालताय? दूध उकळून पूर्ण गार करा, मगच दोन-तीन थेंब. गरम दुधात पीठ असूनही निळा रंग धरत नाही.

मे महिन्यात घाटावरून उतरलेलं दूध तापवताना नासलं, की लगेच 'युरिया!' अशी ओरड होते. नासणं म्हणजे बहुतेकदा आंबटपणा, उन्हात रखडलेलं दूध. खायचा सोडा घातलेलं दूध मात्र नासत नाही, त्याचा संशय कुणाला येत नाही.

खरंच तक्रार करायची तर अन्न व औषध प्रशासनाकडे जा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे फी भरून आपणही अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. फक्त दूध विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. दूध नियमांत बसलं नाही तर फी परत मिळते.