सॉल्ट ॲनालिसिस: तिसऱ्या ग्रुपला घाई करू नका

इंदूरला रामबागेत माझ्याकडे बारावीची मुलं रसायनशास्त्राला येतात. प्रॅक्टिकलला त्यांना एक अनोळखी सॉल्ट मिळतं आणि त्यात काय आहे ते टेस्ट करून शोधायचं असतं, तेच सॉल्ट ॲनालिसिस. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "काकू, सॉल्ट रंगावरून ओळखायचं ना?" निळं दिसलं की कॉपर, हिरवं दिसलं की निकेल, ही शिकवण मला मुळीच मान्य नाही. ॲल्युमिनियम, झिंक, कॅल्शियम, बेरियम, मॅग्नेशियम, अमोनियम यांची नेहमीची सॉल्ट्स सगळी पांढरीच. रंग वहीत नोंदवा, त्यावर निकाल लावू नका.

द्रावण डिस्टिल्ड वॉटरमध्येच करा. जलूदहून आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी प्यायला ठीक आहे, पण त्यातही थोडं क्लोराइड असतं. सिल्व्हर नायट्रेट टाकलं की ते गढूळ होतं आणि सॉल्टमध्ये नसलेलं क्लोराइड तुम्ही लिहून बसता.

ॲसिड रॅडिकलसाठी, म्हणजे क्लोराइड, नायट्रेट अशा ऋण आयनासाठी, आधी डायल्यूट सल्फ्युरिक, मग कॉन्सन्ट्रेटेड. नायट्रेटच्या रिंग टेस्टला फेरस सल्फेट ताजं घ्या, ॲसिड नळीच्या कडेने सोडा आणि नळी हलवू नका.

अमोनियमची टेस्ट अगदी सुरुवातीला, मूळ सॉल्टवरच करा. पुढे आपणच अमोनियम क्लोराइड घालणार, मग अमोनिया कुणाचा ते कसं कळणार?

मग धातूंची पाळी. ठरलेल्या क्रमाने एकेक रसायन घालून धातू टोळीटोळीने खाली बसवायचे, या टोळ्या म्हणजे ग्रुप. पहिला आणि दुसरा ग्रुप सरळ आहेत. डायल्यूट हायड्रोक्लोरिक, मग त्यातच एचटूएस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू. खिडक्या उघड्या ठेवा.

आता तिसरा ग्रुप, ॲल्युमिनियम आणि आयर्नचा. इथे मी स्वतः फसले आहे. माझ्या बारावीच्या प्रॅक्टिकलला मॅग्नेशियम सल्फेट आलं होतं. मी अमोनियम क्लोराइड न घालताच अमोनियम हायड्रॉक्साइड ओतलं. पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, आला, वेळ संपत आली होती, मी ॲल्युमिनियम लिहून मोकळी झाले. तो अवक्षेप मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा होता.

अमोनियम क्लोराइड का घालायचं, हे अकरावीच्या आयनिक इक्विलिब्रियममध्ये शिकलेलं असतं, फक्त तो धडा आणि ही परखनळी कुणी जोडून दाखवत नाही. अमोनियम आयन आधीच भरपूर असले की अमोनियम हायड्रॉक्साइडचं विघटन दबतं आणि द्रावणात हायड्रॉक्साइड अगदी थोडं उरतं. यालाच कॉमन आयन इफेक्ट म्हणतात. सोल्युबिलिटी प्रॉडक्ट जितका लहान, तितका पदार्थ लवकर खाली बसतो. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा तो १० च्या उणे ३३ व्या घाताच्या आसपास आहे, मॅग्नेशियमचा उणे ११ व्या. एवढ्याशा हायड्रॉक्साइडवर ॲल्युमिनियम खाली बसतं, मॅग्नेशियम द्रावणातच राहतं. ही चिमूट विसरलात तर पुढचे सगळे ग्रुप चुकतात.

म्हणून क्रम असा ठेवा. एचटूएस सोडला असेल तर उकळून पूर्ण घालवा. मग कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिकचे दोन-तीन थेंब टाकून पुन्हा उकळा, म्हणजे फेरस असेल तर फेरिक होईल. फेरस या ग्रुपला पूर्ण खाली बसत नाही. थंड करा. अमोनियम क्लोराइड चांगलं दोन चिमूट घाला आणि विरघळू द्या. त्यानंतरच अमोनियम हायड्रॉक्साइड, थेंबाथेंबाने. हलवल्यावर अमोनियाचा वास टिकला की थांबा. "भरपूर ओता" हा सल्ला चुकीचा आहे, जास्त झालं तर ॲल्युमिनियमचा थोडा अवक्षेप परत विरघळतो.

तपकिरी आला तर आयर्न. ॲल्युमिनियमचा मात्र शिजलेल्या साबुदाण्यासारखा, जवळजवळ पारदर्शक असतो. नळीमागे काळा कागद धरून बघा, मुलं बरेचदा "काही आलं नाही" म्हणून तो मोरीत ओतून देतात.

दिसला तरी लेक टेस्ट केल्याशिवाय लिहायचं नाही. अवक्षेप डायल्यूट हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळवा, निळ्या लिटमस द्रावणाचे दोन थेंब टाका, लाल होईल. आता कडेने अमोनियम हायड्रॉक्साइड सोडत जा. रंगहीन पाण्यात निळा गोळा तरंगला तर ॲल्युमिनियम. सगळं द्रावणच एकसारखं निळं झालं तर नाही.

तिसऱ्याला काही आलं नाही तर चौथ्याला त्याच द्रावणात पुन्हा एचटूएस, पांढरा आला तर झिंक. पाचव्याला अमोनियम कार्बोनेट, मग बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम याच क्रमाने तपासा.

शेवटी मॅग्नेशियम. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट आणि अमोनियम हायड्रॉक्साइड घातल्यावर लगेच काही दिसत नाही. काचेच्या कांडीने नळीची आतली बाजू घासा आणि नळी पाच मिनिटं स्टँडला ठेवा. जिथे घासलं तिथेच पांढरे बारीक स्फटिक धरू लागतात.