स्टेन्ड ग्लास शिकताय? मग निदान या चुका तरी टाळा

सांगलीत विश्रामबागेत दर रविवारी माझा स्टेन्ड ग्लासचा, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून चित्र करण्याचा, क्लास असतो. बॅच कुठलीही असू दे, चौथ्या-पाचव्या रविवारी एक वाक्य हमखास कानावर येतं, "ताई, असू दे की ओ, एवढीशी तर फट आहे, सोल्डरनं भरून निघंल." नाही निघत. सोल्डर म्हणजे तुकडे जोडायला वितळवून लावायचं कथील-शिसं, रंगाऱ्याची लांबी (पुट्टी) नव्हे. ते काचेला चिकटतच नाही, चिकटतं फक्त तुकड्याच्या कडेला लावलेल्या तांब्याच्या पट्टीला, म्हणजे कॉपर फॉइलला. त्यामुळे फट मोठी असली की सोल्डर खाली गळतं आणि मागच्या बाजूला गोळ्या होऊन लटकतं, मग तुम्ही परत गरम करता, परत ओतता, आणि तिसऱ्या खेपेला काच टक्कन तडकते. पोरं म्हणतात सोल्डरिंग अवघड आहे. अहो, सोल्डरिंग सगळ्यात सोपं, पण आधीच्या तीन रविवारी कापताना जी घाई केली ती सगळी तिथं वर येते. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

एका रेघेवरून दोनदा कटर फिरवणं

ही चूक बघितली की मी वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडते. कटर काच कापत नाही, हे आधी डोक्यात बसवा. त्याचं कार्बाइडचं बारीक चाक काचेच्या अंगावर एक सूक्ष्म तडा पाडतं आणि आपण पक्कड लावून तो तडा पुढं पळवतो, एवढंच. आता पहिल्या खेपेला मनासारखा आवाज आला नाही म्हणून तुम्ही परत तिथूनच चाक फिरवलं, तर ते आधीच्या खाचेत अडखळत जातं, बाजूला बारीक चिपा उडतात, तडा भलतीकडं पळतो आणि चाक बोथट होतं ते वेगळंच. साध्या काचेवर झिप ओढल्यासारखा बारीक सर्र आवाज येतो. दुधाळ ओपल काचेवर तो जवळजवळ येतच नाही, आणि नेमका तिथंच नवशिका घाबरतो आणि खांद्यातला सगळा जोर लावतो. रेघेवर पांढरा भुगा दिसला म्हणजे दाब जास्त झाला, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

माझी पद्धत सांगते. चाकाला तेल, आधी रॉकेल लावायचे पण आता शिलाई मशीनचं तेल वापरते. उभं राहून कापायचं, मनगट ताठ, हात खांद्यातून हलवायचा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता, आणि रेघ मारली की लगेच तोडायचं, चहा पिऊन आल्यावर नाही. खरबरीत काच असेल तर रेघ गुळगुळीत बाजूनं. आणि पहिले दोन रविवार फोटोफ्रेमवाल्याकडून आणलेल्या 3 मिमीच्या साध्या काचेच्या 1 इंची पट्ट्या, पन्नास. यावर लोक फार नाराज होतात, फी भरलीय ती फूल करायला, पट्ट्या कापायला नाही, असं तोंडावर म्हणतात. मी ऐकून घेते आणि पट्ट्याच कापायला लावते. मिनिटभराच्या रीलमध्ये काच कचाकच तुटताना दिसते, त्या माणसाचा हात किती वर्षांचा आहे ते रीलमध्ये दिसत नाही.

पॅनेल वाढत जाणं

आता ही दुसरी, पॅनेल म्हणजे जोडलेलं अख्खं काचचित्र मापापेक्षा मोठं होत जाण्याची, आणि हिच्यामुळे मी खरंच चार रात्री झोपले नाही. बँकेत नोकरी करणारा एक मुलगा क्लासला होता, हात चांगला, चित्रकला उत्तम. बहिणीच्या तासगावच्या घराची वास्तुशांत होती, तिला द्यायला म्हणून त्यानं आपला आयर्विन पूल घेतला, खाली कृष्णा, मागं संध्याकाळचं आभाळ. 24 इंच रुंद, 12 इंच उंच. सुताराकडून सागवानी चौकट आधीच करून ठेवली होती, मापाला अगदी बरोबर, आणि ही पहिली चूक. चौकट नंतर करायची असते.

पाण्याच्या ओळीत आडवे 18 तुकडे होते. प्रत्येक तुकडा नकाशाच्या, म्हणजे कागदावरच्या आराखड्याच्या, रेघेवर कापलेला, म्हणजे मार्करच्या रेघेची जाडी काचेवर तशीच शिल्लक. मी म्हटलं ग्राइंडरवर, कडा घासायच्या मशीनवर, घे थोडं. तो म्हणाला, "ताई, अर्धा मिलिमीटर तर आहे." आहे ना, पण 18 गुणिले अर्धा म्हणजे 9 मिमी. वर प्रत्येक तुकड्याला दोन्हीकडून फॉइल, तिची जाडी कागदापेक्षा कमी असली तरी तिलाही जागा लागतेच. टेबलावर मोकळं ठेवून जुळवत गेल्यामुळे सगळं बसतंय असंच त्याला वाटत राहिलं, कारण शेजारचा तुकडा हळूच सरकायचा आणि जागा करून द्यायचा. त्या दोन रविवारी मी दुसऱ्या बॅचच्या मागं होते, माझं लक्ष राहिलं नाही, हे मला आजही लागतं.

वास्तुशांतीच्या आधीच्या गुरुवारी रात्री तो दोन्ही बाजूंनी सोल्डर केलेलं पॅनेल घेऊन आला आणि ते चौकटीत बसेना. मग काय, उजवीकडचा अख्खा पट्टा उकलायचा. म्हणजे दोन्हीकडून सोल्डर वितळवायचं, तुकडे हलकेच ओढून काढायचे, फॉइल सोलायची, कडा घासायच्या, परत फॉइल, परत सोल्डर. त्यात दोन तुकडे उष्णतेनं तडकले, दोन्ही त्या हिरव्या-निळ्या लहरींच्या काचेचे, आणि त्या शीटचा आमच्याकडं एक तुकडा शिल्लक नव्हता. अशा काचेच्या दोन शीटा एकमेकींसारख्या निघत नाहीत. शुक्रवार, शनिवार, रविवार जागून काढले, तरी वास्तुशांत रिकाम्या चौकटीनं झाली, पॅनेल गेलं दसऱ्याला. जवळ जाऊन बघितलं तर पाण्यात दोन ठिकाणी रंग अचानक बदललेला दिसतो.

तेव्हापासून माझ्याकडं नियम आहे. नकाशा प्लायवुडवर चिकटवायचा, दोन बाजूंना काटकोनात लाकडी पट्ट्या ठोकायच्या, आणि पहिल्या तुकड्यापासून त्या कोपऱ्यातच जुळवायचं, प्रत्येक तुकड्याच्या कडेला बारीक खिळे. मार्करची रेघ कापल्यावर काचेवर दिसता कामा नये. दोन तुकड्यांत फॉइलपुरती केसभर जागा, साधारण 0.8 मिमी, त्याहून जास्त नको आणि त्याहून कमी पण नको. नकाशाचे तुकडे कापायची तीन पात्यांची कात्री मिळते, ती मधली एवढीच पट्टी आपोआप काढून टाकते. महाग आहे, पण एकदाच घ्यायची. लुई टिफनीच्या दिव्यांमुळे ही फॉइलची पद्धत सगळीकडं गाजली, बारीक बारीक तुकडे जोडता येतात हे तिचं मोठेपण, पण जितके तुकडे जास्त तितकी प्रत्येकाची चूक बेरजेत येते.

त्याच पुलावरून अजून एक. पहिल्या नकाशात त्यानं कमानीच्या वरचा भाग एका अख्ख्या काचेत काढला होता, खालून अर्धगोल खोल कापलेला. कागदावर कात्रीनं होतं ते. काचेचा तडा मात्र एवढा आत वळायला तयार होत नाही, तो सरळ पळून कडेला जातो. उथळ वळण असेल तर एकाच वेळी नाही, चंद्रकोरीसारखे तीन-चार घास घेत आत जायचं. खोल असेल तर तुकडे पाडायचे. दगडी कमान बांधणारे गवंडी पण पाचरीसारखे दगड एकाला एक लावूनच कमान उभी करतात, तेच काचेत केलं, सात पाचरी, आणि कमान आधीपेक्षा जास्त खरी दिसायला लागली. मुंबईला गेलात तर राजाबाई टॉवरच्या इमारतीतल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या रंगीत खिडक्या बघा, आणि रंग बघून झाले की काळ्या रेघा बघा, कुठून निघतात, कुठं मिळतात. त्या रेघा आधी ठरतात, रंग नंतर. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच सरळ रेघ जाऊ देऊ नका, टांगल्यावर पॅनेल तिथंच बिजागरीसारखं दुमडतं.

बाकीचं भराभर सांगते. मोडक्या टीपॉयची काच कापायला आणू नका, ती बहुधा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते, कटर लावून तोडायला गेलात की तिचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात. ग्राइंडरचा स्पंज कोरडा पडू देऊ नका, कोरडी काचेची धूळ छातीत जाते. फॉइल लावायच्या आधी तुकडा साबणानं धुऊन पुसा, घासलेल्याची पूड राहिली की डिंक धरत नाही. 3 मिमी काचेला 7/32 इंची फॉइल घेतली तर दोन्हीकडं सव्वा-सव्वा मिमी वळते, ती एकीकडं जास्त आणि एकीकडं कमी झाली तर सोल्डरची रेघ पण तशीच वाकडी येणार, तेव्हा काढा आणि परत लावा. आणि फॉइल लावून तुकडे महिनाभर कपाटात ठेवू नका, आपल्याकडं पावसाळ्यात तांबं काळवंडतं आणि सोल्डर धरत नाही.

मोबाईल दुरुस्तीची 25 वॅटची सोल्डरगन चालणार नाही, 80 ते 100 वॅटची पाहिजे, छिन्नीसारख्या चपट्या टोकाची. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या सोल्डर तारेत आत राळ असते, ती पण नको. भरीव तार घ्या, 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं, 190 अंशांच्या आसपास पूर्ण वितळते आणि लगेच गोठते, म्हणून रेघ छान फुगीर राहते. एका जागी टोक टेकवून विचार करत बसू नका. रेघ बिघडली तर गार होऊ द्या, मग परत फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन, लावून या. टोक काळं पडलं तर नवसागराच्या वडीवर घासा, कल्हईवाला भांड्यात टाकायचा तोच नवसागर.

काम संपलं की फ्लक्स त्याच दिवशी धुवायचा. हे मी प्रत्येक बॅचला सांगते आणि प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी "उद्या धुतो" म्हणून घरी नेतं. मग दोन महिन्यांनी फोटो येतो, रेघांवर पांढरी पूड आणि कडेला हिरवट डाग. भांड्याचा साबण, मग खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, जुन्या टूथब्रशनं दोन्ही बाजू, पूर्ण कोरडं करून मगच काळं पॅटिना (सोल्डरच्या रेघा काळ्या करायचं रसायन), आणि शेवटी गाडीचं वॅक्स.

शेवटचं, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही. टेबलावर भडंगाचा पुडा फोडलेला दिसला तर मी उचलून बाहेर ठेवते, राग आला तरी चालेल. सोल्डरमध्ये शिसं आहे, ते हाताला लागतं आणि हातातून पोटात जातं. खायच्या आधी साबणानं हात, नखांतून सुद्धा. खिडक्या उघड्या, फ्लक्सचा धूर तोंडावर घ्यायचा नाही. दिवस गेले असतील तर सोल्डरिंग बाळंतपणानंतर, क्लास कुठं पळून जात नाही. लहान पोरांना घेऊन येऊ नका, आणि घरी करत असाल तर स्वयंपाकाच्या ओट्यावर तर अजिबात नको. टेबल झाडूनं झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि ते फडकं घरच्या धुण्यात टाकायचं नाही.