युनिट टेस्ट लिहिताय? आधी ती फेल करून बघा

युनिट टेस्ट म्हणजे आपल्या कोडचा छोटा तुकडा बरोबर चालतो का हे तपासणारा कोड. पायथनचं प्रोजेक्ट असेल तर ती चालवायला सरळ पायटेस्ट हे टूल घ्या. पायथनसोबत युनिटटेस्ट नावाचं टूल आयतं मिळतं खरं, पण त्यात क्लास बनवत बसावं लागतं, मला तरी कंटाळा येतो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) चालू करून टर्मिनलमध्ये पिप इन्स्टॉल पायटेस्ट मारा, मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये नुसतं पायटेस्ट टाइप करा, झालं. फक्त फाइलचं नाव टेस्ट आणि अंडरस्कोरने सुरू करा, आतल्या फंक्शनचंही टेस्टनेच, नाहीतर त्याला काही सापडत नाही आणि एक्झिट कोड 5 (म्हणजे एकही टेस्ट मिळाली नाही) देऊन मोकळं होतं.

आता टेस्ट करायचं काय? समजा लीप वर्ष ओळखणारं फंक्शन आहे. बरेच जण 2024 ला हो आणि 2023 ला नाही येतंय ना एवढं बघतात आणि हिरवं (म्हणजे पास) दिसलं की खूश. पण नुसतं 4 ने भाग जातो का बघणारा अर्धवट कोडसुद्धा या दोन्हीत पास होतो! 1900 टाकून बघा, 4 ने भाग जातो पण लीप नाही, कारण शतकाच्या वर्षाला 400 ने भाग जावा लागतो, म्हणून 2000 मात्र लीप. चुका नेहमी अशा कडेच्या केसमध्ये सापडतात. ही चारही वर्षं पायटेस्टचं पॅरामीट्राइझ (एकच टेस्ट वेगवेगळ्या आकड्यांवर चालवायची सोय) वापरून एकाच टेस्टला द्या, कॉपी-पेस्ट नको, शिवाय कुठल्या वर्षाला गडबड झाली तेही वेगळं दिसतं.

पास झालं की लगेच पुढे पळू नका. कोडमधली 400 वाली अट मुद्दाम काढा आणि परत रन करा, 2000 ची केस लाल झालीच पाहिजे. नाही झाली तर टेस्ट काही तपासतच नाहीये, बहुतेक असर्ट (उत्तर बरोबर आलं का हे तपासणारी ओळ) लिहायचंच राहिलंय. हे दोन मिनिटांचं काम लोक का टाळतात देव जाणे.

दशांशाचे आकडे बरोबरच्या चिन्हाने ताडू नका, 0.1 अधिक 0.2 पायथनमध्ये 0.3 च्या बरोबर येत नाही, तिथे पायटेस्टचं अ‍ॅप्रॉक्स (जवळपास सारखे आहेत का बघणारं) वापरा. आणि फंक्शन आतल्या आत आजची तारीख घेत असेल तर ती बाहेरून पाठवा, नाहीतर आज पास झालेली टेस्ट महिनाअखेरीला उगाच फेल होईल.

टेस्ट वाढल्या की दरवेळी सगळ्या चालवायची गरज नाही, पायटेस्टच्या कमांडपुढे हायफन एक्स दिलं की पहिल्या फेलला थांबतं, आणि दोन हायफन लावून एलएफ दिलं की मागच्या वेळी फेल झालेल्या तेवढ्याच चालतात. कोड पुश करायच्या (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये पाठवायच्या) आधी मात्र सगळ्या चालवा.