दैवी दयेची नऊ दिवसांची प्रार्थना कशी करावी

ईस्टरचा सण आटोपला की उपवासकाळात लावून घेतलेली प्रार्थनेची सवय बहुतेक घरांत दोन दिवसांत सुटते. दैवी दयेचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, नेमका याच काळात येतो. तो गुड फ्रायडेला सुरू होतो, ईस्टरनंतरच्या शनिवारी संपतो आणि दुसऱ्या दिवशी दैवी दयेचा रविवार असतो. पोलंडमधील धर्मभगिनी संत फौस्टिना कोवाल्स्का (१९०५-१९३८) यांच्या रोजनिशीतून ही भक्ती पसरली आणि ३० एप्रिल २००० रोजी त्यांना संतपद देताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा रविवार सर्व कॅथलिक चर्चसाठी जाहीर केला.

ही प्रार्थना माळेवर म्हणतात, पण वेगळी माळ आणावी लागत नाही. घरातली नेहमीची रोझरी, म्हणजे जपमाळ, पुरते. आरंभी 'हे आमच्या स्वर्गातील बापा', 'नमो मरिया' आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार एकेकदा म्हणावा. मग प्रत्येक मोठ्या मण्यावर, आमच्या व सर्व जगाच्या पापांच्या प्रायश्चित्तासाठी ख्रिस्ताचे शरीर, रक्त, आत्मा आणि देवपण शाश्वत पित्याला अर्पण करणारी प्रार्थना म्हणावी आणि पुढच्या दहा मण्यांवर, त्याच्या दुःखसहनाकरिता आम्हांवर व सर्व जगावर दया कर, अशी विनवणी करावी. अशी दहा-दहा मण्यांची पाच दशके झाल्यावर 'पवित्र देवा' ही प्रार्थना तीनदा म्हणून माळ संपवावी. शब्द आपल्या धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चच्या समाजात, रूढ असतील तेच ठेवावेत, म्हणजे सर्वांना एका सुरात म्हणता येते. दुपारी तीनची वेळ ख्रिस्ताच्या मरणाची म्हणून विशेष मानतात, पण कामावर असलेल्याने त्या क्षणी मनोमन एवढेच म्हणावे, 'येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे', आणि माळ रात्री घरच्यांबरोबर म्हणावी.

या विनवणीत 'माझ्यावर' असे कुठेच येत नाही, 'आम्हांवर' येते, आणि नऊ दिवसांचे हेतूही त्याच धाटणीचे आहेत. पहिला दिवस सर्व मानवजातीसाठी, विशेषतः पाप्यांसाठी आहे, चौथा ख्रिस्ताला अद्याप न ओळखणाऱ्यांसाठी आणि आठवा शुद्धिस्थानातील, म्हणजे स्वर्गात जाण्यापूर्वी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांसाठी. नववा कोमट मनाच्या, म्हणजे श्रद्धेची ऊब ओसरलेल्या, लोकांसाठी आहे; तो मला सर्वांत अवघड वाटतो, कारण त्या दिवशी आपण बहुधा स्वतःसाठीच प्रार्थना करत असतो. फौस्टिनांच्या शिकवणीत दया तीन मार्गांनी करायची असते: कृतीने, शब्दाने आणि प्रार्थनेने. म्हणून रोज माळेआधी एका माणसाचे नाव ठरवावे, शक्यतो ज्याच्याशी बोलणे तुटले आहे अशाचे, आणि नवव्या दिवसापर्यंत त्यांतल्या निदान एकाला तरी फोन करावा.

रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, जाण्यापूर्वी योहानाच्या शुभवर्तमानातील २०व्या अध्यायाची १९ ते ३१ ही वचने घरी वाचून घ्यावीत. पुनरुत्थानाबद्दल शंका घेणाऱ्या शिष्य थोमासाठी प्रभू येशू आठ दिवसांनी पुन्हा येतो, प्रथम शांतीचे अभिवादन करतो आणि मग त्याने मागितलेल्या खुणाच त्याच्यापुढे धरतो. विश्वास ठेवण्याविषयीचे बोल त्यानंतरचे आहेत. या दिवसाच्या पूर्ण दंडमुक्तीसाठी, म्हणजे क्षमा झालेल्या पापांची उरलेली शिक्षा माफ होण्यासाठी, प्रायश्चित्त संस्कार (धर्मगुरूंपुढे पापनिवेदन), मिस्सात ख्रिस्तशरीराचा स्वीकार, पोप महाशयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची आसक्ती सोडण्याची तयारी आवश्यक असते. पापनिवेदन त्याच दिवशी करण्याची सक्ती नाही. ते आठवड्यातच उरकून घ्यावे, कारण रविवारी मिस्सापूर्वी धर्मगुरूंना सवड मिळेलच असे नाही.