चाळिशीनंतर नुसतं चालणं पुरत नाही

चाळिशी उलटली की बरेच जण चालायला लागतात आणि तिथेच थांबतात. चालणं चांगलंच, पण तिशीनंतर स्नायू दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के घटतात आणि ती घट नुसत्या चालण्याने भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते.

सुरुवात खुर्चीपासून करा. हातांचा आधार न घेता उठा आणि मनात तीन आकडे मोजत सावकाश बसा. धप्पकन बसलात तर अर्धा फायदा गेलाच म्हणून समजा. श्वास रोखू नका. सलग दहा वेळा जमलं की भिंतीला हात टेकून जोर काढा.

राहिली शिस्त. इच्छाशक्तीवर भिस्त नको, दिवसभराच्या धबडग्यात ती कधीच संपलेली असते. त्यापेक्षा व्यायाम रोजच्या एखाद्या सवयीला जोडा, म्हणजे दात घासून झाले की लगेच. अगदीच कंटाळा आला तर दोनच उठबशा काढा, पण काढाच. गुडघेदुखी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.