सिनेमा लावण्याआधी टीव्हीची सेटिंग्ज उघडा

नव्याकोऱ्या टीव्हीवर आवडता सिनेमा लावला आणि तो कॅमेऱ्यामागच्या मेकिंग व्हिडिओसारखा दिसायला लागला, तर सिनेमाला नावं ठेवू नका. टीव्ही स्वतःच्या मनाने दोन फ्रेमच्या, म्हणजे सिनेमातल्या एकापाठोपाठच्या स्थिर चित्रांच्या, मध्ये नव्या फ्रेम तयार करून घुसवतोय. बोलपट रुळले त्या 1920च्या दशकाच्या अखेरीपासून सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम या मापाने चालत आलाय. पडद्यावरचं ते भारलेपण बऱ्याच अंशी या 24 मधून येतं, आणि ते पुसून टाकणारं फीचर कंपन्या मुळातच चालू करून देतात याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून पहिलं काम हेच. पिक्चर सेटिंग्जमध्ये जा. सोनीत 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस' किंवा नव्या मॉडेलांत 'पिक्चर क्लॅरिटी' शोधा आणि सरळ बंद करा. डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ काढून प्रेक्षकांना हीच विनंती केली होती.

बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना चित्र थोडं अडखळेल. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र ताजं करणाऱ्या पडद्यात 24 चा भाग नीट जात नाही, त्यामुळे एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवावी लागते. 120 हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम पाचदा, हिशोब चोख. टीव्ही बदलणारच असाल तर पैसे 120 हर्ट्झच्या पडद्यात घाला. 8के, म्हणजे आणखी बारीक ठिपक्यांचा पडदा वगैरे राहू द्या.

आता रंग. 'व्हिव्हिड' मोडवर चेहरे निळसर पडतात, तो सोडा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच घ्या. 2019 मध्ये हा मोड जाहीर झाला आणि तो निवडला की मोशनची भानगडही आपोआप मिटते. नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. सुरुवातीला सगळं पिवळट वाटेल. तरीही बदलू नका. सिनेमाचे रंग स्टुडिओत ज्या 6500 केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पांढऱ्यावर ठरवतात, त्याच्या जवळचा पांढरा हाच असतो. दोन सिनेमे होईपर्यंत डोळे सरावतात आणि मग व्हिव्हिड बघवत नाही. शार्पनेसही उतरवा, बऱ्याच टीव्हींत शून्याच्या आसपास. सोनीत मात्र तटस्थ आकडा 50 आहे.

संवाद ऐकू येत नसतील तर ॲपमधला ऑडिओ ट्रॅक बघा. 5.1 मध्ये, म्हणजे अनेक स्पीकरसाठीच्या सराउंड ट्रॅकमध्ये, संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीचे दोनच स्पीकर असतील तर स्टिरिओ ट्रॅक निवडून बघा, अनेकदा तेवढ्याने भागतं.

क्रिकेट किंवा फुटबॉल बघताना मोशन चालू ठेवलंत तरी माझी हरकत नाही, तिथे चेंडू दिसण्याशी मतलब. गेम खेळताना मात्र 'गेम मोड' हवाच, नाहीतर बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलतं.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधारातली जास्त तफावत दाखवणारे चित्राचे प्रकार) यांची सेटिंग्ज वेगळी साठवली जातात. तसा सिनेमा चालू असतानाच मेनू उघडा आणि हे सगळं तिथेही पुन्हा लावा. एचडीएमआयला दुसरं यंत्र जोडलं असेल तर त्या इनपुटवरही.