घरून चित्रं काढणाऱ्या मुलींसाठी थोडं स्पष्ट

पोर्टफोलिओ कसा करायचा, टॅबलेट कुठला घ्यायचा हे तुम्हाला माहीतच असेल. दर ठरवताना 'घरूनच करता ना?' असा प्रश्न आला की मात्र सावध व्हा. भाडं नाही, घरात दुसरं कुणी कमावतंय, म्हणजे बाई कमी पैशांत करेल, असा हिशेब त्यामागे असतो. माझ्यासोबत शिकलेल्या मुलग्यांना हे कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

मी अडकले ते हक्कांत. एका प्रकाशकाने गोष्टीच्या पुस्तकासाठी चित्रं घेतली, ठरलेले पैसे दिले. पुढे तीच चित्रं त्यांच्या कॅलेंडरवर आणि वह्यांवर दिसली. फोन केला तर, 'अहो ताई, तुमचंच नाव होतंय की!' नाव तर कुठेच छापलं नव्हतं.

हे नीट वाचा. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनिशीच करावे लागतात, फोनवरच्या 'हो'ने होत नाहीत. करारात मुदत नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर फक्त भारत. नोकरीत काढलेली चित्रं मालकाची. पैसे घेऊन मागणीवरून केलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचं. म्हणजे गप्प राहणं महागात पडतं. कुठल्या पुस्तकासाठी, किती वर्षं, कॅलेंडर-वह्या-ई-बुक धरून की सोडून, आणि 'चित्रे' या शब्दापुढे कुणाचं नाव, हे काम सुरू करण्याआधी मेलवर मागा आणि मग सहीच्या करारात आणा. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' दिसलं की दर वाढवा, नाहीतर ती ओळ खोडा. घाबरू नका, हक्क विकले तरी चित्रकार म्हणून नाव मागण्याचा अधिकार कलम 57 नुसार तुमच्याकडेच राहतो.

'आधी ओळख होऊ दे, पैसे नंतर' म्हणणारे ज्येष्ठ टाळा. अशांचं घर बहुतेकदा दुसरंच कुणीतरी चालवत असतं.

बाई म्हणून बालपुस्तकंच येतील, यावर चिडू नका आणि तिथेच अडकूही नका. माधुरी पुरंदरे यांनी लिहिणं आणि चित्रं दोन्ही सांभाळून ते काम किती गंभीर असतं हे दाखवलंय. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून घरकाम करताना दिसले, तेही चित्रांतूनच.

पैसे लटकवतात, ही रड सगळ्यांचीच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. मग लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडची मुदत चालत नाही, पुढे व्याज मागता येतं. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.